धम्मयात्रेतील बुफे आणि जेवणाची मात्रा

थंडी पडू लागली की महाराष्ट्रातून धम्मयात्रेच्या गाड्या निघतात. बोधगया, राजगीर, नालंदा, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती, सारनाथ असा दहा-बारा दिवसांचा प्रवास असतो. यात्रेकरूंत निवृत्त उपासक-उपासिका बऱ्याच असतात आणि अनेकांच्या पिशवीत मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या असतात. पूर्वी यात्रेबरोबर आचारी असे, आता बहुतेक ठिकाणी हॉटेलात मुक्काम आणि सकाळ-रात्र बुफे. वर्षभर घरी पथ्य पाळणारी मंडळी नेमकी इथे ढिली पडतात. पुरी-भाजी, आलू पराठा, जिलेबी, वर गोड चहा. पुन्हा सहा तास बसमध्ये बसून राहणे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाय सुजतात, साखर चढते आणि गृध्रकूटाच्या पायऱ्या खालूनच पाहाव्या लागतात.

असे का होते? ‘पैसे भरलेत, वसूल करू’ हे एक कारण झाले. दुसरे कारण अधिक खोल आहे. आपल्या आजी-आजोबांना गावच्या जेवणावळीत वेगळे, सर्वांच्या शेवटी बसावे लागे. वरून पडेल ते घ्यावे लागे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे आणि मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच अपमान होता. ज्या घरात ही आठवण जिवंत आहे तिथल्या माणसाला ‘ताट कमी भरा’ असे सांगणे सोपे नाही. बुफेत वाढण्याचा डाव आपल्याच हातात असतो, याचा आनंद आम्हालाही आहे. तो डाव कोणत्या भांड्यात घालायचा नाही, हेही आता आपणच ठरवायचे आहे, एवढेच आमचे म्हणणे.

यासाठी यात्रेच्या वाटेवरचीच एक कथा आहे. संयुत्तनिकायात कोसलचा राजा पसेनदी श्रावस्तीत तथागतांना भेटायला येतो तो भरपूर भात जेवून, धापा टाकत. तथागत त्याला रागावत नाहीत. मात्रा ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि वार्धक्य सावकाश येते, या आशयाची एक गाथा ते सांगतात. राजा ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावतो आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणायला सांगतो. हळूहळू त्याचा भात एका नाळीच्या मापावर येतो, शरीर हलके होते. आम्हाला यात महत्त्वाचे वाटते ते राजाचे व्यवहारज्ञान. जेवताना आपल्याला विसर पडणार हे ओळखून त्याने आठवण देणारा माणूस शेजारी उभा केला. यात्रेतही प्रत्येक मधुमेही यात्रेकरूने असा एक सोबती ठरवून घ्यावा. सुनेने किंवा मुलाने सर्वांदेखत टोकण्यापेक्षा आपणच नेमलेल्या मित्राची खूण बरी.

पाली भाषेत याला भोजने मत्तञ्ञुता म्हणतात, म्हणजे जेवणातील मात्रेचे भान. बुफेत ते ताट उचलण्याआधीच सुरू करावे. आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारून सगळी भांडी पाहावीत. मग अर्धे ताट भाज्या व कोशिंबिरीने, पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा दह्याने आणि उरलेले पाव ताट पोळी अथवा भाताने भरावे. पोळी आणि भात दोन्ही घेतले तर दोन्ही निम्मे. भाजी-डाळ आधी आणि भात नंतर खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते. पोट भरल्याची जाणीव व्हायला साधारण वीस मिनिटे लागतात. तेव्हा दुसऱ्यांदा उठण्यापूर्वी थोडे थांबावे. थेरगाथेत सारिपुत्तांचा सल्ला याहून नेमका आहे: चार-पाच घास जातील एवढी भूक ठेवून पाणी प्यावे. बिहारचा चोखा आपल्या वांग्याच्या भरतासारखाच, तो जरूर घ्यावा. लोणचे, पापड आणि तळणीकडे रक्तदाब असलेल्यांनी जपून पाहावे, कारण दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आतच हवे.

भांड्याचे झाकण उघडल्यावर वाफ आली पाहिजे. शिजलेले अन्न दोन तासांहून जास्त वेळ कोमट पडून असेल तर त्यात जंतू वाढतात. आधीच चिरून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर आणि पातळ चटण्या यांबाबत शंका असेल तर सोलून खायचे केळे बरे. कोशिंबीर टाळली तर शिजलेली भाजी वाढवावी.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळावी. हॉटेल जवळ आले म्हणून बसमध्येच औषध घेऊ नये. सीमेवर किंवा रस्त्यात तास-दोन तास सहज जातात. जेवण मांडलेले डोळ्यांनी पाहावे, मग डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घ्यावे. त्याच कारणाने दुपारी उपाशी राहून रात्रीच्या बुफेची जागा करणेही धोक्याचे. थरथर, दरदरून घाम, धडधड, गोंधळल्यासारखे वाटणे ही साखर उतरल्याची लक्षणे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता आणि डॉक्टर असलेल्या माईसाहेब त्यांच्या पथ्यपाण्याकडे लक्ष देत, हे आपण जाणतोच.

राहिला गोडाचा प्रश्न. राजगीर-नालंदा रस्त्यावर सिलावचा खाजा आणि गयेचे तिलकुट लागणारच. रोजच्या बुफेतला गुलाबजाम कुठेही मिळतो, तो सोडावा आणि खाजा चौघांत एक घ्यावा. जेवल्यावर खोलीकडे न वळता दहा-पंधरा मिनिटे आवारात फिरावे. आणि यात्रेचे पैसे भरतानाच आयोजकांना सांगून ठेवावे की रात्रीचे जेवण आठच्या आत हवे आणि एक भाजी कमी तेलाची हवी. दहा जणांनी मिळून सांगितले तर हॉटेलवाले ऐकतात.