वेबसाइटचा सातबारा आपल्या नावावर हवा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी छोट्या धंद्यांच्या वेबसाइट बनवतो आणि सांभाळतो. कॅम्प पाचमधले जीन्सवाले, आनंदनगर एमआयडीसीतले कारखानदार, बदलापूरचे क्लासवाले. बहुतेकांचं काम वर्डप्रेसवर. 2003 पासूनची ही प्रणाली फुकट मिळते, मराठीत वापरता येते, आणि माल बदलला की फोटो-मजकूर मालकालाच बदलता येतो. तरी साइट बंद पडली म्हणून धावत येणारे काही कमी नाहीत. तेव्हा दोष वर्डप्रेसचा क्वचितच निघतो. बहुतेकदा मालकाच्या हातात काहीच नसतं.

ऐन दिवाळीच्या तोंडावर एक जीन्सचे व्यापारी आले. साइट उघडत नव्हती. डोमेन आणि होस्टिंग, दोन्हींची मुदत संपलेली. दोन्ही खाती साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर. तो नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला आणि मुदतीच्या सूचना त्याच्या जुन्या मेलमध्ये पडून. "पैसे तर मीच दिले ना?" शेठनी विचारलं. दिले होते, पावतीही होती. पण जमिनीचं जसं सातबाऱ्यावर ठरतं, तसं डोमेनचं नोंदणीवर ठरतं.

शेठकडे बॅकअपचा पेनड्राइव्ह होता. उघडला तर सगळे फोटो जागच्या जागी. मात्र मापं, कापड, भाव यांची एकही ओळ नाही. वर्डप्रेसमध्ये फोटो फोल्डरमध्ये राहतात, मजकूर डेटाबेसमध्ये. कॉपी फक्त फोल्डरची झाली होती. सगळा कॅटलॉग पुन्हा टाइप करावा लागला.

म्हणून सांगतो. डोमेन आणि होस्टिंग स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घ्या. डॉट कॉम नावाची मुदत टळून ते रद्द झालं तर पुढे 30 दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो, पण त्यात नाव सोडवायला जबर पैसे पडतात; त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतो. वर्डप्रेसमध्ये 'ॲडमिन' तुम्ही राहा. बनवणाऱ्याला वेगळं खातं द्या, काम संपलं की ते काढा. दुकानातल्या मुलाला माल चढवायला 'एडिटर'चा अधिकार पुरतो.

पैशांची थीम कुणी फुकटात देत असेल तर घेऊ नका. अशा चोरीच्या प्रतींत अनेकदा मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. मग तुमच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. नको असलेले प्लगिन काढून टाका, उरलेले अपडेट ठेवा, आणि अपडेटच्या आधी बॅकअप घ्या.

बॅकअप म्हणजे फोल्डर आणि डेटाबेस, दोन्ही. एक प्रत दुकानाबाहेर, क्लाउडवर असू द्या. उल्हास नदीच्या पुराने 2005 आणि 2019 मध्ये बदलापुरात काय केलं ते आपण पाहिलंय. तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरचा भरवसा धरू नये.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर साइटवर चिकटवला की अगम्य चिन्हं उमटतात. पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की अनेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते.

शेवटचा हप्ता देण्याआधी बनवणाऱ्याला शेजारी बसवा. डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस, तिन्ही ठिकाणी आपल्या मोबाइलवरून लॉगिन करून बघा. बॅकअपमधून साइट एकदा उभी करून दाखवायला सांगा. हे सगळं झालं, मगच पैसे द्या.