लिनक्स संगणकावरील विद्यार्थ्यांची खाती व प्रवेशातील अडचणी

चाकण व पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातील गावांत शाळेचा पट वर्षभर स्थिर राहत नाही. कारखान्यात काम लागले की कुटुंब येते, काम सुटले की जाते. आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यान्वये वर्षाच्या मध्यात आलेल्या बालकासही प्रवेश द्यावाच लागतो. अशा शाळेतील संगणकावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली असल्यास प्रत्येक मुलाचे स्वतंत्र खाते उघडता येते. तरीही सबंध वर्गास मिळून एकच खाते देण्याकडे कल असतो, कारण अनेक खाती म्हणजे अनेक अडचणी असे वाटते. एखादे दिवशी खाते उघडत नाही, तास वाया जातो, आणि अखेरीस तंत्रज्ञ येऊन सर्व पुसून टाकतो व कार्यप्रणाली नव्याने बसवितो. मुलांनी लिहिलेले निबंध व काढलेली चित्रे त्यात नाहीशी होतात. वास्तविक पुष्कळ प्रसंगी पुसण्यासारखे काहीच बिघडलेले नसते.

खाते म्हणजे काय हे शिक्षकांस शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीवरून चटकन उमगेल. लिनक्स मुलाला नावाने नव्हे, तर क्रमांकाने ओळखते. डेबियन व उबुंटू या प्रकारांत, तसेच सी-डॅक या सरकारी संस्थेने डेबियनच्या आधारे तयार केलेल्या ‘बॉस’मध्ये सामान्य खात्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात. प्रत्येक खात्यास स्वतःचे एक दप्तर असते, आणि त्यातील प्रत्येक कागदावर मालकाचा क्रमांक नोंदलेला असतो. शून्य क्रमांक व्यवस्थापकाचा. त्यास कोणतेही दप्तर उघडता येते.

प्रवेश अडला की प्रथम एक गोष्ट पाहावी: परवलीचा शब्द चुकल्याचा संदेश आला, की पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा नाव विचारू लागला? या दोन्ही अडचणी सारख्या दिसल्या तरी त्यांची कारणे अगदी निराळी आहेत.

संदेश आला असेल तर कळफलक तपासावा. मोठ्या लिपीची कळ दाबलेली राहणे हे नेहमीचे कारण. पण मराठी शाळांत दुसरे एक कारण असते, आणि ते बाहेरच्या तंत्रज्ञाच्या ध्यानी सहसा येत नाही. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिण्यासाठी बदललेला कळफलक प्रवेशाच्या पडद्यावरही तसाच राहू शकतो. मग मूल ‘एम’ची कळ दाबते तेव्हा ‘स’ उमटतो, ‘एल’ची दाबते तेव्हा ‘त’. आणि पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्यामुळे चूक कोणासच दिसत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेची खूण पाहून कळफलक इंग्रजी करावा. मूल शब्द खरोखरच विसरले असेल तर व्यवस्थापकाने नवा द्यावा. जुना त्यालाही वाचता येत नाही, कारण तो जसाच्या तसा साठविलेला नसतो. यासाठी मुलास रागावू नये.

पडदा काळा होऊन परतत असेल तर परवलीचा शब्द बरोबर आहे, हे निश्चित समजावे. दार उघडले आहे. आत मेज मांडता येत नाही, इतकेच. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या तीन कळा एकदम दाबाव्यात. चित्रांऐवजी केवळ अक्षरांचा पडदा येतो. तेथे नाव व परवलीचा शब्द द्यावा. शब्द लिहिताना ठिपकेही उमटत नाहीत, त्याने गोंधळू नये. येथे प्रवेश मिळाला तर मुलाचे काम बहुधा सुरक्षित आहे. ‘डी-एफ’, मोकळी जागा, आडवी रेघ, ‘एच’ ही आज्ञा लहान लिपीत दिल्यास साठवणीचा किती भाग भरला ते कळते. तो शंभर टक्के भरला असेल तर चित्रमय पडद्यास आपल्या तात्पुरत्या नोंदी लिहिण्यास जागा उरत नाही, आणि म्हणून तो परततो. उतरवून ठेवलेल्या चित्रफिती यास बहुधा कारणीभूत असतात. नको असलेल्या काढून उरलेल्या एकाच सामायिक ठिकाणी ठेवाव्यात.

जागा असूनही पडदा परतत असेल तर दप्तरातील एखाद्या कागदाची मालकी बदललेली असण्याचा संभव आहे. मुलाच्या खात्यातून कोणी व्यवस्थापकाच्या अधिकाराने एखादा कार्यक्रम चालविला की त्या कार्यक्रमाने लिहिलेल्या नोंदींवर शून्य क्रमांक पडू शकतो, आणि मुलास स्वतःच्याच दप्तरात लिहिता येत नाही. मालकी परत देण्याची आज्ञा ‘सी-एच-ओ-डब्ल्यू-एन’ ही होय. ती व्यवस्थापकाच्या खात्यातूनच द्यावी, आणि त्या मुलाच्या दप्तरापुरतीच द्यावी. दप्तराचे नाव लिहावयाचे राहून नुसती तिरकी रेघ गेली तर सबंध संगणकाची मालकी बदलू शकते. आज्ञा आधी कागदावर लिहून दुसऱ्या शिक्षकाकडून वाचून घेणे बरे. मग एफ-१, काही संगणकांवर एफ-७, यांसह त्याच दोन कळा दाबून मूळ पडद्यावर परतावे.

इतके करूनही न सुधारल्यास तंत्रज्ञास बोलवावेच. मात्र त्याने काही पुसण्यापूर्वी सर्व दप्तरांची प्रत बाह्य साठवणीवर काढून घ्यावी.

गाव सोडून जाणाऱ्या मुलाच्या खात्याविषयी विशेष काळजी हवी. सर्वसाधारण नोंदवहीतील क्रमांक मूल गेल्यावर दुसऱ्यास दिला जात नाही. संगणक मात्र खाते काढून टाकताच मोकळा झालेला क्रमांक नव्या मुलास देऊ शकतो. जुने दप्तर तसेच राहिले असेल तर त्यातील कागद नव्या मुलाच्या मालकीचे ठरतात. म्हणून खाते काढू नये, कुलूपबंद करावे. व्यवस्थापकाने ‘पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी’, आडवी रेघ, ‘एल’ व खात्याचे नाव अशी आज्ञा दिली की तो परवलीचा शब्द चालेनासा होतो. दाखल्याबरोबर मुलाच्या हाती त्याच्या लेखनाची प्रत द्यावी. पुढील हंगामात तेच कुटुंब परत आले तर ‘एल’च्या जागी ‘यू’ लिहावा. खाते जुन्याच परवलीच्या शब्दाने पूर्ववत उघडते.