ओला कचरा घरातच जिरवा

फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगाव-मांडकी परिसरातल्या कचरा डेपोजवळच्या ग्रामस्थांनी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) महापालिकेच्या कचरागाड्या अडवल्या आणि शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले. आपल्या घरातली घाण कित्येक वर्षे दुसऱ्याच्या शेता-विहिरीशेजारी पडत होती, हे तेव्हा नाकारता येईना. पुढे चिकलठाणा, पडेगावला खताची केंद्रे आणि कांचनवाडीत बायोगॅस प्रकल्प आला. पण प्लास्टिक मिसळलेल्या कचऱ्यातून धड खत होत नाही, ना गॅस. म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातूनच हवी.

१. वेगळा करा : भाज्यांचे देठ, साली, चहाचा चोथा, निर्माल्यातली फुले एका डब्यात. मांस-मच्छी आणि तेलकट अन्न सुरुवातीला टाळा.

२. बादली तयार करा : वीसेक लिटरच्या जुन्या बादलीला तळाशी आणि बाजूंना भोके पाडा. ती विटांवर ठेवा. तळात नारळाच्या शेंड्या पसरा.

३. थर द्या : ओला कचरा बारीक चिरून टाका, त्यावर दुप्पट सुका पालापाचोळा. विरजण म्हणून मूठभर शेणखत किंवा थोडे आंबट ताक.

४. ओल सांभाळा : मूठ दाबली की हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा बादली सावलीत ठेवून पाणी शिंपडा. पावसाळ्यात वर झाकण ठेवा, पण हवा कोंडू देऊ नका.

५. हलवा : आठवड्यातून दोनदा खालीवर करा. घाण वास आला तर सुका पाला वाढवा. मुंग्या लागल्या तर ओल कमी पडली आहे.

६. मुरू द्या : बादली भरली की दुसरी सुरू करा. दोन-तीन महिन्यांत पहिलीतला माल काळा, भुसभुशीत होतो, मातीसारखा वास येतो. चाळून घ्या. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग खत पुरे.

डेपोत दबलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी भूजल नासवते. हवा खेळत्या बादलीत हे दोन्ही बरेच टळते. शिवाय खत घातलेली माती पाणी धरून ठेवते. पाण्याची ओढ असलेल्या मराठवाड्यात हा लाभ मोठा आहे.

बादलीला जागा नसेल, तर सोसायटीच्या आवारात सामाईक खड्डा करा. तेही जमत नसेल, तर निदान घंटागाडीत ओला आणि सुका कचरा वेगळा द्या.