‘बघा, बरोबर जागीच आहे!’

मंगरूळपीरच्या एका फोटो स्टुडिओचे मालक त्या दुपारचा विषय निघाला की अजूनही चिडतात, आणि त्यांचे चिडणे रास्त आहे. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकातले ‘जुने’ नावाचे फोल्डर रिकामे करायला त्यांनी तंत्रज्ञ बोलावला. त्याने आत शिरून फाइल पुसणारी ‘आरएम’ कमांड चालवली आणि तुळशीच्या लग्नानंतरचा अख्खा सीझन पुसला गेला. आरएमला कचरापेटी नसते. मेमरी कार्डांत उरले तेवढेच हाती लागले.

मालकांनी आधीच हटकले होते, “भाऊ, कुठी हाय ते पाहून घ्या ना आंधी.” उत्तर आले, “काका, रोजचंच काम हाय आपलं.”

फोटो गेल्यावर मात्र पठ्ठ्याने पीडब्ल्यूडी टाइप केले. आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, त्याचा पूर्ण पत्ता ही कमांड दाखवते. पडद्यावर उमटले: /होम/स्टुडिओ/जुने. “बघा, बरोबर जागीच आहे मी!”

मालकांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि तीच कमांड पुढे ‘-पी’ लावून दिली, पी कॅपिटल. आता ओळ निराळी आली: /डेटा/लग्न. म्हणजे ‘जुने’ हे फोल्डर नव्हतेच. मुख्य डिस्ककडे नेणारी ती लिंक होती. दिवाळीत डिस्क बदलताना ती केली कोणी? याच गृहस्थाने! तो गप्प झाला. व्हिजिटचे पैसे तेवढे मागून गेला.

कमांडा चालवणाऱ्या शेलमधली साधी पीडब्ल्यूडी आपण ज्या वाटेने आत आलो ती वाट सांगते. -पी लावले की लिंका सुटून खरा मुक्काम कळतो.

मोठ्या कंपन्याही इथे घसरल्या आहेत. जानेवारी 2015 मध्ये गेम्सच्या ‘स्टीम’ची लिनक्स स्क्रिप्ट गाजली. ती आपल्या फोल्डरचा पत्ता काढून त्याखालचे सारे पुसायची. पत्ता काढणे फसले की उरायची नुसती तिरपी रेघ, म्हणजे सगळा संगणक. लिहिणाऱ्याने त्या ओळीशी ‘स्केअरी!’ अशी टीपही ठेवली होती. भीती वाटत होती, तर थांबायचे ना!

तेव्हा पुसण्याआधी पीडब्ल्यूडी -पी, मग आत काय आहे ते दाखवणारी एलएस, आणि आरएमला पूर्ण पत्ता. स्क्रिप्टमध्ये फोल्डर बदलणारी सीडी फसली तर तिथेच बाहेर पडण्याची सोय हवी. ठरल्या वेळी आपोआप चालणारे क्रॉनचे काम होम फोल्डरमधून सुरू होते, स्क्रिप्ट ठेवली तिथून नव्हे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसते सीडी टाकले तरी पत्ता दिसतो. बॅकअप ठेवा, हे तर सगळेच सांगतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत, व्हिजिटचे पैसे घेणाऱ्यांनी ते आधी पाहावेत, असे मालकांचे म्हणणे.