मुका कारभारी

*आपल्या पोटात यकृत नावाचा एक मोठा अवयव आहे. तो सहसा दुखत नाही, म्हणून त्याची आठवणही कोणाला होत नाही. या यकृतात चरबी साठली तर मधुमेहाचा धोका का वाढतो आणि तो कमी कसा करता येतो, हे या पाठात सांगितले आहे.*

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या सहलीत पाचगणी पाहिली असेल. सातारा जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर वसले आहे. टेबललँडचे विस्तीर्ण पठार, निवासी शाळा आणि स्ट्रॉबेरीचे मळे यांमुळे ते प्रसिद्ध आहे. पण पाचगणीची आणखी एक ओळख आहे. येथील स्वच्छ, थंड हवा आजारी माणसाला मानवते, असे पूर्वीपासून मानले जाई. म्हणूनच १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले.

क्षयावर गुणकारी औषधे १९४० नंतर मिळू लागली. त्यापूर्वी जगभरच्या आरोग्यधामांत उपचार साधारण सारखाच असे. स्वच्छ हवा, भरपूर विश्रांती आणि दूध, अंडी, लोणी असा पौष्टिक आहार! क्षयाने माणूस झिजत जाई. त्यामुळे रोग्याचे वजन वाढले, की घरच्यांच्या जिवात जीव येई. आजही एखाद्याच्या अंगावर मांस चढले, की आपण कौतुकाने म्हणतो, "तब्येत सुधारली!"

परंतु आज एका वेगळ्या आजाराने आपल्याला घेरले आहे. तो आजार म्हणजे मधुमेह. उर्दूत त्याला झियाबेतीस म्हणतात. घरोघरी त्याला 'शुगर' हे नाव मिळाले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. पाचगणीची हवा कितीही घेतली, तरी हा आजार जात नाही. उलट भरपूर विश्रांती आणि भरपूर आहार यांनीच तो बळावतो. शिवाय मधुमेह असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोकाही दोन ते तीन पटींनी वाढतो. म्हणजे नवा शत्रू जुन्या शत्रूला दार उघडून देतो!

मधुमेह एका दिवसात होत नाही. तो येण्याच्या कितीतरी आधी शरीरात काही बिघाड सुरू झालेला असतो. त्यातला एक बिघाड यकृतात होतो.

यकृत म्हणजे तुमच्या ओळखीचे जिगर. हा शब्द मराठीनेही आपलासा केला आहे. जिवलग मित्राला आपण 'जिगरी दोस्त' म्हणतो. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. ते पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. हा आपल्या शरीराचा कारभारी आहे. जेवल्यानंतर अन्नातील साखर रक्तात उतरते. तेव्हा स्वादुपिंड इन्शुलिन नावाचा रस रक्तात सोडते. इन्शुलिन म्हणजे जणू कारभाऱ्याला पाठवलेला हुकूम : "साखर आली आहे, कोठारात ठेव." यकृत हा हुकूम पाळते आणि साखर साठवते. पुढे रात्री आपण झोपलेले असतो, किंवा दिवसा आपला रोजा अगर उपवास असतो. तेव्हा हाच कारभारी कोठारातून थोडी थोडी साखर बाहेर काढतो. म्हणून तर पोट रिकामे असतानाही मेंदूचे काम चालू राहते.

आता विचार करा. रोज गरजेपेक्षा जास्त अन्न आले आणि शरीराला काम मात्र काहीच नसले, तर काय होईल? साखरेचे कोठार लहान आहे. ते भरले, की यकृत उरलेल्या साखरेची चरबी बनवू लागते. ही चरबी यकृतातच साचते. यकृताच्या पाच टक्क्यांहून अधिक भाग चरबीचा झाला, की डॉक्टर त्याला 'फॅटी लिव्हर' म्हणतात. दारूमुळे यकृत बिघडते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून पुष्कळांना वाटते, 'आमच्या घरात कोणी दारूला शिवत नाही, मग आम्हांला कसली भीती?' हा समज चुकीचा आहे. दारूचा थेंबही न घेणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठलेली आढळते, आणि मुलांच्याही.

चरबीने भरलेला कारभारी हुकूम नीट ऐकत नाही. रक्तात साखर भरपूर असतानाही तो कोठारातली साखर बाहेर सोडतच राहतो. स्वादुपिंड मग अधिक इन्शुलिन पाठवते. काही वर्षे असे निभावते. पण यकृत आपल्याकडील जादा चरबीही रक्तात सोडत असते. त्यातली काही चरबी स्वादुपिंडात जाऊन बसते. तेथील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी थकतात. मग रक्तातील साखर वाढते ती वाढतेच. यालाच मधुमेह म्हणतात. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांतून असे दिसून आले आहे, की यकृतात चरबी असलेल्या माणसाला मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. याचा अर्थ प्रत्येकाला मधुमेह होईलच, असा नाही. पण इशारा मिळाला आहे, एवढे खरे. एकदा मधुमेह झाला, की यकृताचेही नुकसान वेगाने होते. काहींच्या यकृताला सूज येते आणि पुढे ते कठीण होत जाते.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर सडपातळ आहोत!" येथे पुण्यातील एका संशोधनाची ओळख करून घेतली पाहिजे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. ही बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडमधील बाळे सुमारे साडेतीन किलोंची होती. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचे छायाचित्र एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच होते. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! तेव्हा वजनकाटा सर्व काही सांगत नाही. कमरेचा घेरही मोजावा लागतो. आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर सावध झाले पाहिजे.

यकृत हा मुका कारभारी आहे. त्यात चरबी साठली तरी बहुधा काहीच दुखत नाही. सोनोग्राफी किंवा रक्ताची तपासणी केली, तरच ते कळते. एक खूण मात्र डोळ्यांना दिसू शकते. काही मुलांच्या मानेवरची कातडी काळसर आणि जाड होते. घरचे म्हणतात, "मान नीट घासत नाहीस!" पण तो मळ नसतो. शरीर इन्शुलिनचा हुकूम नीट ऐकत नाही, याची ती खूण असू शकते. अशा मुलाला चिडवू नका. डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आता चांगली बातमी ऐका. यकृत जितके सोशीक, तितकेच ते सावरणारेही आहे. जास्त वजनाच्या माणसाने आपले वजन पाच टक्क्यांनी जरी कमी केले, तरी यकृतातील चरबी उतरू लागते. ८० किलो वजनाच्या माणसासाठी हे फक्त ४ किलो झाले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापक रॉय टेलर यांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधुमेह होऊन फार वर्षे न झालेल्या ११ जणांना त्यांनी देखरेखीखाली अगदी मोजका आहार दिला. एका आठवड्यातच त्यांच्या यकृतातील चरबी बरीच कमी झाली आणि उपाशीपोटीची साखर पूर्ववत झाली. असा आहार मनानेच कोणी घेऊ नये. त्यासाठी डॉक्टर हवेतच. पण यकृतातील चरबी आणि साखर यांचे नाते किती जवळचे आहे, हे यावरून समजते.

तुम्ही काय करू शकता? पाचगणीच्या मळ्यांतील स्ट्रॉबेरीचेच उदाहरण घ्या. ताज्या स्ट्रॉबेरीत नव्वद टक्के पाणीच असते. १०० ग्रॅम फळात साखर जेमतेम ५ ग्रॅम असते. त्याच फळाच्या सिरपमध्ये निम्म्याहून अधिक साखर असते. फळ चावून खाल्ले, तर यकृताला त्रास होत नाही. रोज गोड सरबते आणि बाटलीतली थंड पेये प्यायली, तर मात्र साखरेचा मोठा भार त्याच्यावर पडतो. म्हणून फळ खा आणि तहान पाण्याने भागवा. दररोज निदान एक तास खेळा, चाला, सायकल चालवा. वाढत्या वयात उपाशी राहू नका. डाळ, भाजी, अंडी, दूध पोटभर घ्या. तळलेले आणि गोड पदार्थ सणासुदीपुरते ठेवा. 'यकृत साफ करणारी' जाहिरातीतली औषधे आणू नका.

आणि हो, घरात कोणा चाचांच्या किंवा मामूंच्या सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' असे लिहून आले, तर "हे तर सगळ्यांनाच असते" म्हणून तो कागद कपाटात ठेवू देऊ नका. "चाचाजान, रक्तातील साखर तपासून घ्या आणि उद्यापासून माझ्याबरोबर फिरायला चला," एवढे त्यांना नक्की सांगा. मुक्या कारभाऱ्याची तक्रार त्या कागदावर उमटली आहे. ती वेळेवर ऐकली, तर मधुमेह दारातूनच परत जाऊ शकतो.

शब्दार्थ

यकृत – जिगर, कलेजा
कारभारी – कामकाज पाहणारा
आरोग्यधाम – रोग्यांनी राहून बरे होण्याची जागा
क्षय – टी. बी.
स्वादुपिंड – लबलबा
कोठार – साठा करण्याची जागा
सोशीक – सहन करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बेल-एअर आरोग्यधाम कोणी व केव्हा सुरू केले?
(आ) 'फॅटी लिव्हर' केव्हा म्हणतात?

२. कारणे लिहा.
(अ) लेखकाने यकृताला 'मुका कारभारी' म्हटले आहे.
(आ) सडपातळ माणसानेही सावध राहिले पाहिजे.

३. 'जिगर' व 'तब्येत' यांप्रमाणे मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधून वाक्यांत उपयोग करा.

४. उपक्रम : तुम्ही आठवड्यात किती वेळा गोड पेये घेता आणि किती तास खेळता, याची नोंद वहीत करा.