दोषाचें ओझें आणि दुःखाचें ओझें

शास्त्रपाठ: लूक 13:1–5, स्तोत्र 32, लूक 19:1–10, योहान 11:32–36

आपल्या चाकूरच्या बाजूस काय किंवा दुसऱ्या कोणत्याही खेड्यांत काय, ज्या घरीं अकालीं मृत्यु होतो त्या घरीं लोक भेटावयास येतात, आणि उठतां उठतां कोणी तरी हळूच म्हणतो, "यांच्या हातून काय पाप घडलें असेल कोण जाणे!" घरचीं माणसें त्यावर कांहीं बोलत नाहींत, पण तोच प्रश्न तीं रात्रीं आपल्या मनाला विचारीत असतात. आईला वाटतें, दवाखान्यांत एक दिवस आधीं नेलें असतें तर लेकरूं वांचलें असतें. मुलाला वाटतें, शेवटच्या दिवशीं बापाशीं कठोर बोललों नसतों तर बरें झालें असतें. असें दुःखांत दोष मिसळला म्हणजे ओझें दुप्पट होतें. म्हणून या पाठांत तीं दोन्ही ओझीं वेगळीं करून पाहूं.

पहिली गोष्ट ही कीं, संकट हें पापाचें माप नव्हे. यरुशलेमांत शिलोहाचा बुरुज कोसळून अठरा माणसें मेलीं. तीं इतरांहून अधिक अपराधी होतीं काय, हा प्रश्न प्रभूनें स्वतःच उभा केला, आणि "नाहीं" असें त्याचें स्पष्ट उत्तर दिलें.

हें वचन आपल्या जिल्ह्याला फार जवळचें आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे चारच्या सुमारास औसा तालुक्यांतील किल्लारी व आसपासच्या गांवीं भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते. शेजारच्या, तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सास्तूरसारखीं गांवेंही जमीनदोस्त झालीं. सुमारें आठ ते दहा हजार माणसें दगावलीं. हा मेलेल्यांच्या पापाचा दंड होता काय? भूमीच्या पोटांत साठलेला ताण एकाएकीं सुटला. वर घरांच्या भिंती जाड दगडांच्या व मातींत रचलेल्या, आणि त्यांवर माळवदाचा जड भार. तो सारा भार निजलेल्यांवर आला. कुशींतल्या तान्ह्या लेकराचा अपराध कोण मोजणार? जो वांचला, तोही कांहीं अधिक पुण्यवान् म्हणून वांचला नाहीं, आणि "मीच कां राहिलों?" म्हणून त्यानें स्वतःला अपराधी ठरविण्याचेंही कारण नाहीं. जो दोष देवानें ठेविला नाहीं, तो आपण आपल्या माथीं घेऊं नये.

परंतु प्रभु तेथेंच थांबला नाहीं. मेलेल्यांची पापें मोजणें सोडा आणि तुम्ही स्वतः पश्चात्ताप करा, असें त्यानें ऐकणारांस बजाविलें. कारण दुसरें ओझेंही खरें आहे. भावाचा बांध कोरला, खोटी साक्ष दिली, दारूपायीं घरच्यांस उपाशी ठेविलें, अशा गोष्टी मनांत राहतात. दाविदानें आपलें पाप दडवून ठेविलें तोंवर त्याचीं हाडें झिजलीं, असें स्तोत्र 32 सांगतें. तें त्यानें देवापुढें उघडें केलें तेव्हां त्याला क्षमा मिळाली. नुसता काळ लोटल्यानें दोष जात नाहीं. तो कबूल करावा लागतो.

मग पुष्कळ जण म्हणतात, "आधीं सुधारतों, मग देवापुढें येतों." येथें जक्कयाची गोष्ट नीट वाचावी. प्रभु त्याच्या घरीं आधीं गेला; अर्धें धन गरिबांस देण्याचें आणि लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन जक्कयानें नंतर दिलें. क्षमा ही मजुरी नव्हे, देणगी आहे. मात्र जिला ती मिळाली त्या व्यक्तीचा हात परतफेडीसाठीं उघडल्यावांचून राहत नाहीं. ज्याचा बांध कोरला असेल, त्याचा तो पूर्ववत् करून द्यावा.

आपल्या महाराष्ट्रांत पंडिता रमाबाईंनीं (1858–1922) ही गोष्ट अनुभवानें शिकून सांगितली. 1874 च्या सुमारास दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे वडील, आई व बहीण थोड्या महिन्यांच्या अंतरानें वारलीं. 1880 मध्यें भाऊ गेला, 1882 मध्यें पति गेले. 1883 मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरी पुढें सुमारें आठ वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्यांनीं आपल्या साक्षींत मोकळेपणें सांगितलें आहे. आपण जशा आहों तशा तारणाऱ्याकडे गेल्या, तेव्हां त्यांच्या मनाला शांति मिळाली. या शांतीनें त्या घरांत बसून राहिल्या नाहींत. 1896–97 च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं उपाशी मुली व स्त्रिया आणल्या, आणि पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्यांना आश्रय दिला. ज्या भुकेनें त्यांचें घर मोडलें, तिच्याच तोंडून त्यांनीं परक्यांचीं लेकरें सोडविलीं.

तथापि विश्वासानें रडणें संपतें असें कोणी समजूं नये. 1921 मध्यें त्यांची एकुलती कन्या मनोरमा त्यांच्या आधीं गेली. लाजाराला उठविणार हें ठाऊक असतांही प्रभु त्याच्या कबरेजवळ रडला. म्हणून शोक करणाऱ्यास "रडूं नका, विश्वास ठेवा" असें म्हणून गप्प करूं नये. त्याच्याजवळ बसावें, भाकरी न्यावी, पेरणीच्या दिवसांत त्याच्या शेतावर हात लावावा. एखाद्याची झोप व भूक उडाली, किंवा जीव देण्याची भाषा तोंडीं आली, तर त्याला एकटें न सोडतां डॉक्टरांकडे न्यावें. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांकही त्यासाठींच आहे. औषध घेणें म्हणजे विश्वास कमी पडणें नव्हे.

तर बंधुभगिनींनो, आज रात्रीं प्रार्थनेच्या वेळीं आपलें ओझें उघडून पाहावें. त्यांत जें पाप असेल तें कबूल करून प्रभूच्या हातीं द्यावें. जें पाप नसून केवळ दुःख असेल, तेंही त्याच्याच हातीं द्यावें. परंतु त्याला पापाचें नांव देऊं नये.

मंडळींत विचार करण्याचे प्रश्न:
1. शिलोहाच्या बुरुजाविषयीं बोलतांना प्रभूनें कोणती समजूत खोडून काढली?
2. जक्कयाच्या घरीं आधीं काय झालें व नंतर काय झालें?
3. आपल्या गांवीं या आठवड्यांत कोणाच्या घरीं जाऊन बसणें अवश्य आहे?