चेहऱ्याची बाटली काखेत नको

लग्नसराई जवळ आली की साताऱ्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो, तोही बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर, हळू आवाजात: "काखेचा काळेपणा जायला काही आहे का?" हल्ली मुली उत्तरही सोबत आणतात. मोबाइलवर पाहिलेलं ग्लायकोलिक ॲसिड! "उसातलंच असतं ना ते, मग कसला अपाय?" सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात हे पटकन पटतं. उसात ते असतं, खरं आहे; पण बाटलीतलं बहुतेक रासायनिक कारखान्यात तयार होतं. आणि कुठूनही आलं तरी भाजायचं ते भाजतंच.

सांगलीच्या माझ्या भाचीला भाजलं. सकाळी पार्लरमध्ये वॅक्सिंग, रात्री चेहऱ्यासाठी आणलेलं १० टक्क्यांचं टोनर कापसानं काखेत, वर घट्ट बाह्यांचा कुर्ता. "मावशी, चुरचुरतंय म्हणजे काम करतंय ना गं?" असा तिचा फोन आला, तोवर कातडी लालबुंद होऊन एका जागी सोलली होती. साध्या पाण्यानं भरपूर धुवायला लावलं, मग नुसती पेट्रोलियम जेली, सैल सुती कपडे, डिओ बंद. तिची आई लिंबू आणि खायचा सोडा घेऊन तयारच होती. तिला फोनवरच आवरलं. सोललेलं भरलं, पण मागे राहिलेला डाग आधीच्या काळेपणाहून गडद, आणि तो हटायला कित्येक महिने गेले. आपली सावळी कातडी दाह झाला की काळवंडते.

काखेत, जांघेत, स्तनांखाली कातडीला कातडी लागते, घाम कोंडतो, कपडा घासतो. कोंडलेल्या जागी औषध जास्त आत शिरतं. घरगुती वापराच्या ग्लायकोलिकसाठी अमेरिकेतल्या प्रसाधन-तज्ज्ञांच्या समितीनं १९९८ साली मर्यादा सांगितली: १० टक्क्यांपर्यंत, पीएच ३.५ च्या खाली नको. पण वॅक्स केलेल्या काखेचा हिशेब त्यात नाही.

वापरायचंच असेल तर मी ५ टक्क्यांच्या आसपासचं लॅक्टिक ॲसिडचं लोशन सुचवते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबायचं. मग आठवड्यातून एकदा, कोरड्या त्वचेवर. वॅक्सिंग किंवा रेझरनंतर दोन-तीन दिवस अजिबात नाही. मान-पाठ उघडी राहणार असेल तर सनस्क्रीन हवंच, कारण या ॲसिडनं ऊन जास्त बाधतं. गुप्तांगावर कधीच नाही.

मानेवर आणि काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा दिसला तर मी बाटली विकतच नाही. "आधी रक्तातली साखर तपासून ये," म्हणते. गिऱ्हाईक फणफणतं, फणफणू दे. तो मळ नसतो, बऱ्याचदा इन्शुलिनचं बिघडलेलं गणित असतं. आणि जांघेत गोल, लाल कडांचा, खाजरा चट्टा असेल तर ते बहुधा गजकर्ण. त्यावर ॲसिड नको, शेजारणीची स्टेरॉइडवाली ट्यूब तर नकोच नको. त्वचेच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा, औषध मी काढून देते.